वार्गोची फीत

कोहेईने म्हाताऱ्या वार्गोच्या कपाळावरची पांढरी फीत सोडली आणि ती जादूगारणीला बांधली. मग खेळ जतन केला आणि ते हातात मावणारं यंत्र ताईच्या उशीजवळ होतं तसं पालथं ठेवलं. चिझुरुताई झोपलेलीच होती. सलाईन थेंबाथेंबाने चाललं होतं.

*वार्गो. डोक्यावर : काही नाही.*

खेळांच्या या मालिकेच्या प्रत्येक भागात ती फीत असते. एकच असते. ती बांधणाऱ्याला विष चढत नाही, भूल पडत नाही, त्याचा दगड होत नाही. ती कुणाला बांधायची, यावरून लहानपणी या भावंडांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या. या भागात ताईने ती वार्गोला दिली होती. का, तर त्याचं नाक मामासारखं आहे.

आणि वार्गो मरणार होता. पुढच्याच खिंडीत, पूल धरून ठेवताना. स्टेशनसमोरच्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या कोहेईने या खेळाची मार्गदर्शिका चाळली होती, तिच्यात सगळं होतं. कथेत मेलेला माणूस परत येत नाही, आणि अंगावर असेल ते घेऊन जातो. म्हणून जाणते खेळाडू जाणाऱ्याच्या अंगावरचं आधीच उतरवून घेतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं.

ताई जागी झाली. पाणी प्यायली. यंत्र हातात घेतलं.

“कोहेई, तू हात लावलास याला?”

“कशाला?”

“वार्गो बोडका फिरतोय.”

“तूच काढली असशील. काल ताप होता तुला.”

“तापात मी मामाला बोडकं करीन होय रे?”

तो हसला. जरा जास्तच हसला.

“मरतो का हा?”

“मला काय माहीत? मी कुठे खेळलोय?” म्हणत तो उठला आणि पडदा सारखा करू लागला. पडदा सारखाच होता. ‘साधा अल्सर आहे गं, वेळ लागतो एवढंच,’ हे सांगतानाही आपण इथेच उभे होतो, हे त्याला पडद्याला हात लावल्यावर आठवलं. त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला आणि आईला आतल्या खोलीत बोलावलं होतं. पेशंटला कळू द्यायचं नाही, हे आईने तिथेच ठरवलं. डॉक्टरांनी मान हलवली. सगळ्याच घरांतून तसं ठरत असे.

“माझी सायकल शेजारच्यांना दिली म्हणे,” ताई म्हणाली.

“गंजली असती.”

“एवढ्यात?”

त्याने पडद्याची चुणी पुन्हा सरळ केली.

“आणि माझ्या कचेरीतल्या कपाटाची किल्ली? ती कशाला नेलीस?”

व्हरांड्यातून जेवणाची गाडी खडखडत गेली. त्याच्या मागे कळा दाबल्याचे बारीक आवाज सुरू झाले.

*वार्गो. डोक्यावर : पांढरी फीत.*

“ताई, नको! पुढे लागेल ती, शेवटच्या लढाईत—”

तो थांबला. मागे वळला. ताई त्याच्याकडेच बघत होती. रागाने नाही.

“पुढचं तू खेळशील,” ती म्हणाली. “तुला काय, फीत नसली तरी जमेल. याला नेऊ दे.”

ती खिंडीत गेली. पूल आला. तिचा अंगठा एकदा थबकला, मग चालू झाला. कोहेई खाटेच्या कडेला बसून बघत राहिला.

*वार्गो गेला.*

आवाज बंद असल्यामुळे त्याचं जाणं फारच लवकर उरकलं.

आई आली ती सोललेल्या नाशपातीच्या फोडींचा डबा घेऊनच. “आज रंग बरा दिसतोय गं तुझा!” दारातूनच म्हणाली. रोज म्हणायची.

कोहेईने मान खाली घातली. आता ताई आईला विचारणार.

ताई हाताच्या आधाराने उठून बसली. एक फोड तोंडात टाकली. गिळायला तिला वेळ लागला, पण गिळली.

“आई, घरी आले ना, की आपण तिघं गरम झऱ्यांवर जाऊ. त्या पाण्याने अल्सर बरा होतो, नर्स सांगत होत्या.”

“जाऊ की! नक्की जाऊ!” आईचा चेहरा फुलला. कितीतरी दिवसांनी ती खुर्चीत नीट टेकून बसली.

“कोहेई, तू रजेचं आत्ताच सांगून ठेव कचेरीत,” ताई म्हणाली. आवाज अगदी मोकळा. “आयत्या वेळी धावपळ नको.”

“सांगतो,” कोहेई म्हणाला.