काताच्या रंगाचे मोजे

“मेमसाब, ये किसका कलर है?”

नसरुद्दीनने गुलाबी मोजा दोन्ही हातांच्या बोटांवर ताणला आणि दुकानाच्या दाराशी, उजेडात धरला. हार्टली मेमसाबांना प्रश्न कळला नाही. त्यांनी पाकीट उलटं करून त्यावरची अक्षरं वाचून दाखवली.

“स्किन कलर, मास्टर. कातडीचा रंग. नऊ झगे, त्यांच्यावर हे मोजे आणि असेच बूट. सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत.”

मेमसाब गेल्यावर नसरुद्दीनने मोज्याशेजारी आपला हात ठेवून पाहिला. त्याच्या कातडीचा काही तो रंग नव्हता. बाकावर सुपारी कातरत बसलेल्या मुनाफचाही नव्हता.

“कुणाच्या कातडीचा म्हणायचा रे हा?”

“ज्याची कंपनी, त्याच्या कातडीचा,” मुनाफ म्हणाला. “तू झगे शिव गपचूप.”

ही गोष्ट एकोणीसशे एकसष्टच्या डिसेंबरातली. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर दुखान नावाचं गाव आहे. तिथे तेलाच्या विहिरी, विहिरींजवळ कंपनीची वसाहत आणि वसाहतीच्या तारेबाहेर दुकानांची एक रांग. त्यातलं तिसरं दुकान नसरुद्दीनचं. तो दापोलीजवळच्या बुरोंडीचा. घरचे सगळे मच्छीमार. हा एकटाच होडीत बसला की ओकायचा, म्हणून मामूने त्याला शिवणमशीनवर बसवलं. साहेबांच्या अर्ध्या चड्ड्या आणि दवाखान्याचे पडदे शिवण्यात त्याची इथली आठ वर्षं गेली होती. आता नाताळच्या आठवड्यात कंपनीच्या क्लबात बॅले होणार होता. बॅले म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून करायचा विलायती नाच. हार्टली मेमसाब तो वर्षभर वसाहतीतल्या नऊ जणींना शिकवत होत्या. मुनाफ क्लबच्या स्वयंपाकघरात कुक होता आणि बुरोंडीचाच असल्यामुळे नसरुद्दीनला उपदेश करणं हा त्याचा हक्क होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातली मर्ल सिस्टर ड्यूटीवरून परभारे दुकानात आली. त्या नऊ जणींपैकी ती एक. वसाहतीत तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण साहेबलोकांच्या जेवणघरात बसणारी ती एकटीच काळी बाई होती. ती त्रिनिदाद नावाच्या बेटावरची. वॉर्डबॉयांकडून ती कामापुरती हिंदी शिकली होती; जिथे हिंदी संपे तिथे इंग्रजी आणि इंग्रजीही पुरेना तिथे हात.

तिने पिशवीतून मोज्यांचे दोन जोड आणि सॅटिनचे बूट काढून टेबलावर ठेवले.

“मास्टर, हे माझ्या रंगाचे करून द्याल?”

“मी शिंपी, सिस्टर. रंगारी नाही.”

“दुखानमध्ये रंगारी आहे?”

“नाही.”

“मग?”

नसरुद्दीन हसला. पण माणूस चौकस, विचारल्याशिवाय राहवेना. “माणसं नाच बघायला येणार. मोज्यांच्या रंगाकडे कोण बघतंय?”

मर्लने एक मोजा उचलला आणि हातात घातला, पार कोपरापर्यंत. मग तो हात खांद्यातून सरळ त्याच्यासमोर धरला.

“बघा. माझा हात कुठे संपतो?”

नसरुद्दीनने पाहिलं. हात कोपरापाशी संपत होता. पुढे कुणीतरी दुसराच हात जोडल्यासारखा वाटत होता.

“या नाचात कमरेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत पायाची एकच रेघ दिसावी लागते,” ती म्हणाली. “गुलाबी मोजा त्यांच्या पायाची रेघ लांबवतो. माझी तोडतो.”

“दुसऱ्या ताग्यातली बाही,” नसरुद्दीन स्वतःशीच पुटपुटला. शिंप्याला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

मग त्याने बूट हातात घेतला. टोक दाबून पाहिलं, टेबलावर टकटक वाजवून पाहिलं. आत काय आहे? लाकूड? लाकूड नाही, खळीत भिजवलेल्या कापडाचे थरावर थर, तिने सांगितलं. दुखतं का? दुखतं. नखं जातात? जातात. मग कशाला करता?

मर्लने बूट त्याच्या हातातून परत घेतला.

“सात वर्षांची असल्यापासून करते, मास्टर. अठराव्या वर्षी लंडनला गेले. तिथल्या शाळेतल्या बाईंनी माझा नाच पुरा बघितला आणि म्हणाल्या, मुली, तुझ्या नाचात खोट नाही. पण वीस जणींच्या रांगेत एक काळी उभी राहिली की लोकांची नजर तिथेच अडकते. तू नर्सिंगचा विचार कर.” तिने गणवेशाची कॉलर चिमटीत धरून दाखवली. “केला विचार. आता मेमसाबांनी घेतलंय मला, मधल्या ओळीत. पहिल्यांदाच रंगमंचावर जाणार आहे. गेले तर माझ्या पायांनी जाईन.”

“हात ठेवा इथे,” नसरुद्दीन म्हणाला.

खिडकीच्या फळीवर, उन्हात, तिने हात ठेवला. त्याने हाताला हात न लावता आधी चहाचा पेला शेजारी ठेवून पाहिला. फिका. मग बिनदुधाचा, मग दुप्पट उकळलेला. हात पालथा एका रंगाचा, मनगटाशी दुसऱ्या, कोपराशी तिसऱ्या. इतकी वर्षं लोक या बाईला एका शब्दात काळी म्हणत आले आणि इथे फळीवर तीन पेले मांडूनही तिचा रंग सापडेना! नसरुद्दीनला याची मोठी गंमत वाटली. चहात तांबूसपणा कमी पडत होता. तांबूसपणा कशात असतो?

कातात.

बुरोंडीला सुताची जाळी झाडांच्या साली उकळून त्या पाण्यात रंगवत. इथल्या वाळवंटात साल कुठली मिळायला? पण कातही खैराच्या झाडाचाच, आणि मुनाफच्या डब्यात चिपळूणहून आणलेला कात होता.

मुनाफने डबा छातीशी धरला. “आपुन जो तोंडात घालतो तो ती बाई पायात घालनार? नसरूभाय, तुना येड लागलाय. मेमसाबला कलला तर तुजा दुकान उठल.”

“अर्धा दे. निम्मा तुझ्या तोंडाला.”

“माझ्या तोंडाचा निम्मा!” मुनाफने डोळे मोठे केले, पण अर्धा कात दिला.

पहिला जोड नसरुद्दीनने दुकानामागे उकळला. भांडं म्हणून बांधकामावरचं एक लोखंडी घमेलं मिळालं. पाण्याला छान लाली आली. त्याने मोजे बुडवले, नमाज पढून आला आणि काठीने मोजे वर काढले. ते लाल नव्हते, तपकिरीही नव्हते. चुलीतल्या कोळशासारखे काळेठिक्कर होते.

आई जाळी रंगवताना तांब्याचा हंडा का घासून घ्यायची आणि कुणी लोखंडी पळी घातली की त्याच पळीने का मारायची, ते त्याला आता, चाळिशी उलटल्यावर, कळलं. लोखंड लागलं की कात काळा पडतो. बुरोंडीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट! पण हा होडीला घाबरून जाळ्यांपासूनही लांब पळालेला.

मर्ल आली तेव्हा त्याने ते मोजे लपवले नाहीत. टेबलावर ठेवले आणि मान खाली घातली. “माझी चूक झाली, सिस्टर.”

मर्लने मोजा उचलला. बराच वेळ उलटापालटा करून पाहिला.

“लंडनच्या त्या बाईंना,” ती म्हणाली, “मी अशी दिसले असणार.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. नाचाला चार दिवस होते आणि मोज्यांचा एकच जोड उरला होता.

त्या चार दिवसांत नसरुद्दीनने काय काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. मुनाफकडून बिर्याणीची कल्हई केलेली देगची आणली. नळाचं मचूळ पाणी टाकून देऊन टँकरचं पिण्याचं पाणी घेतलं. आधी पांढऱ्या मलमलीच्या चिंध्या बुडवल्या, कारण उरलेल्या मोज्यांवर आता प्रयोग करणं परवडणार नव्हतं. ओली चिंधी गडद दिसते आणि वाळली की फिकी पडते, म्हणून प्रत्येक चिंधी वाळेपर्यंत तो थांबला. दवाखान्याच्या मधल्या सुटीत मर्ल यायची, फळीवर हात ठेवायची आणि तो चिंध्या एकेक करून शेजारी मांडायचा. आठवी चिंधी जवळ आली, पण निर्जीव वाटत होती.

बाकावरून मुनाफ सगळं बघत होता. नाही नाही म्हणता तोही त्यात गुंतला होता.

“चुना टाक,” तो एकदम म्हणाला.

“काय?”

“पानात काताला चुना भेटल्याबगर तोंड रंगतं काय? चिमूटभर टाक. जास्ती नाय, जलेल.”

चिमूटभर चुना पडला आणि पाण्यात जीव आला. नववी चिंधी वाळली. नसरुद्दीनने ती मर्लच्या मनगटाशेजारी ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बोटाने दाबायला गेला, तर चिंधी कुठे आहे ते शोधायला त्याला डोळे बारीक करावे लागले. मुनाफने उरलेल्या काताचा डबा देगचीत उपडा केला आणि त्याच मापाने मोजे रंगले; बुटांच्या सॅटिनवर मात्र रंग बोळ्याने चढवला, भिजवले असते तर आतली खळ सुटली असती.

रंगीत तालमीच्या दिवशी नसरुद्दीन सुईदोरा घेऊन क्लबात गेला. क्लबात त्याला स्वयंपाकघराच्या दारानेच जाता येत असे. झग्यांच्या टाचण्या लावता लावता त्याने हार्टली मेमसाबांचा आवाज ऐकला.

“मर्ल, हे काय घातलंस? मी सगळ्यांना गुलाबी दिले होते.”

“हे माझ्या रंगाचे आहेत.”

“पण रांगेचं काय? रांग एकसारखी दिसायला नको? लोक विचारतील. जा, बदलून ये.”

“गुलाबी नाहीत आता. आणि असते तरी मी घातले नसते.”

पियानोवाल्या साहेबाने पियानोवरचे हात मांडीवर घेतले. मेमसाब म्हणाल्या, मग तुला बसावं लागेल, आणि हे बोलताना त्यांचाही चेहरा पडला होता. मर्लने वाद घातला नाही. ती खाली बसून बुटाच्या फिती सोडायला लागली.

नसरुद्दीनने तोंडातल्या टाचण्या काढल्या. मेमसाबांसमोर न विचारता बोलण्याची त्याची आठ वर्षांत ही पहिलीच वेळ.

“मेमसाब, हार्टलीसाबचा सूट मी शिवला. कोट, पँट एकाच ताग्यातून. साब बोलले, गुड. मोहम्मद इंजिनियरसाबचा सूट पण शिवला. कोट, पँट एकाच ताग्यातून. दोघांचे तागे वेगळे. पार्टीला दोघं शेजारी उभे राहिले, दोघं चांगले दिसले.” तो थांबला. हिंदी संपली होती, इंग्रजी कधीच संपलं होतं. “सिस्टरला साबच्या ताग्याची पँट घालू नका. एवढंच. सॉरी, मेमसाब.”

मेमसाब त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मर्ल, एकदा उभी राहा. दिव्याखाली.”

मर्ल उभी राहिली. टाचा उचलल्या, आणखी उचलल्या आणि एक पाय मागे सरळ नेला. पिवळ्या दिव्याखाली मेमसाब त्या पायाकडे कितीतरी वेळ बघत होत्या. नाच त्यांना कळत होता, त्याला काय करणार?

“ठीक आहे,” त्या अखेर म्हणाल्या. “पण मधे नाही. अगदी कडेला.”

कडेला तर कडेला. मर्लने फिती पुन्हा बांधल्या.

नाचाच्या संध्याकाळी नसरुद्दीन पडद्याच्या कडेला उभा होता. त्याच्यामागे मुनाफ आणि स्वयंपाकघरातले चार जण, हातांत धुतलेली ताटं तशीच. संगीत सुरू झालं. नऊ जणी आल्या. इतरांना नाच येत होता, कुणाला बरा, कुणाला बेताचा. त्या उचलून ठेवल्यासारख्या पावलं टाकत आणि मनातल्या मनात आकडे मोजत. कडेची मात्र काही मोजत नव्हती. तिचा पाय वर जाई तेव्हा कुठून सुरू झाला ते कळत नसे. जाऊन जाऊन कुठे थांबला तेही कळत नसे.

“नसरूभाय,” मुनाफ हळूच म्हणाला, “ही जमिनीवर हाय की नाय?”

“गप. बघ.”

लंडनच्या बाईंचं एक म्हणणं खरं ठरलं. लोकांची नजर तिच्यावरच अडकली होती. पुढच्या रांगेतला एक साहेब हातातला पेला ओठांपर्यंत नेऊन तसाच विसरला होता.

फेब्रुवारीत मर्लची बदली बहारीनला झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली ती कंपनीचं मासिक घेऊन. त्यात क्लबच्या नाचाचा फोटो छापला होता, अर्धं पान भरून.

“मास्टर, यात मी कुठे आहे? शोधा.”

नसरुद्दीनने फोटो खिडकीशी नेला. एक, दोन, तीन... आठ. खाली इंग्रजीत आठ नावं. नववी कडेला होती आणि फोटोची कड नेमकी तिथेच कापली होती. तो वर बघणार इतक्यात त्याला उजव्या कोपऱ्यात खाली काहीतरी दिसलं. त्याने खणातून बारीक टाके उसवायचं भिंग काढलं.

एक पाऊल होतं. फक्त पाऊल आणि वर वीतभर पाय, टोकावर ताठ उभा. बाकीची मर्ल पानाबाहेर राहिली होती.

“सापडलं?” मर्लने विचारलं. ती हसत होती, पण पिशवीचा बंद तिने मुठीत घट्ट धरला होता.

तो भिंग पुढेमागे करत पाहत राहिला. बूट, मग घोटा, मग पोटरी. पुन्हा पोटरी, घोटा, बूट. काळ्यापांढऱ्या छपाईत त्याचा कात, चुना, चहा सगळं राखाडी होऊन गेलं होतं.

“सिस्टर,” तो म्हणाला, “इकडे या. पायाच्या या रेघेत जोड कुठे आहे, दाखवा.”

मर्ल वाकली. त्याने भिंग तिच्या हातात दिलं आणि तिच्यावर उजेड यावा म्हणून तो खिडकीतून बाजूला झाला.