ताईलाच यजमान करा!

"आप्पा, ताईचा पगार जातो कुठे?"

पैज शाळेत लागली होती. "हिम्मत है तो पूछ के दिखा, विदू!" असं मैत्रीण बकुळनं डिवचलं, बाकीच्या फिदीफिदी हसल्या, आणि विदू ऊर्फ विद्युल्लताबाईंनी रविवारी दुपारी, सगळे पानावर बसलेले असताना, प्रश्न सोडलासुद्धा.

आईच्या हातातली पळी जागीच थांबली. शरदिनीताई दोन वर्षांपासून बँकेत नोकरीला होती. ती मान खाली घालून वरणभात कालवत राहिली.

"जायचा कुठे? तिच्या पासबुकात," आप्पा म्हणाले. "लग्नाला होईल. लेकीचा पैसा मी घरात लावत नाही."

"आणि माझी फी?"

"यंदा यजमान कमी आले. पुढच्या वर्षी बघू. तोवर गृहविज्ञान घे."

विदूचं घोडं इथंच अडलं होतं. तिच्या शाळेत इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, गणित नव्हतं. ज्या शाळेत होतं तिची फी दुप्पट, आणि फॉर्मची उद्या शेवटची तारीख. आप्पा गंगेच्या दुर्गाघाटावर यात्रेकरूंचे विधी करत. मिळेल त्या दक्षिणेवर घर चाले.

"परवा त्या यवतमाळच्या मास्तरीणबाई गंगापूजन करून गेल्या. दक्षिणा कुणाच्या पगारातली होती?"

"त्यांच्याच. पण त्या यजमान!"

"कुणाची तरी लेकच ना त्या? त्यांचा पैसा चालतो आणि ताईचा बाटतो?"

"विदू, जीभ फार चुरूचुरू चालायला लागलीय."

"मग ताईलाच यजमान करा! संकल्प सांगा, हातावरून पाणी सोडायला लावा, आणि घ्या खुशाल दक्षिणा!"

आईला ठसका लागला. पदराआड ती हसतेय हे आप्पांनाही कळलं.

ताईनं मान वर केली. "मी ह्या घरात पाहुणी म्हणून जेवतेय, आप्पा. कंटाळा आला मला."

आप्पा गडबडले. "अगं, पण लोक काय... पुढच्या वर्षी..."

विदू खरकट्या हातानंच उठून उभी राहिली.

"पुढच्या वर्षी नाही. उद्या ताई बँकेत जाताना मी तिच्याबरोबर जाऊन फॉर्म भरतेय. फी ताई देईल, आणि मी गणितच घेणार. पुढे नोकरी लागली की मीपण ह्याच घरात राहून पैसे देणार. आई, आप्पा, दोघांनाही आत्ताच सांगून ठेवते, तेव्हा नको म्हणायचं नाही!"