लाल दोऱ्याची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. काळ्या रेक्झिनची, दोन कप्प्यांची, खांद्याला अडकवायची. जुनी म्हटलं की लगेच नाकं मुरडू नका. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, मला ओळखत नाही असा एक तरी जुना दुकानदार दाखवा, मी आत्ता खुंटीवरून उडी मारते!

जालन्यातल्याच एका बॅगवाल्याच्या मशीनवर माझा जन्म झाला. तिथून मला धर्मराज यांनी उचललं. ते जालन्याजवळच्या बदनापूरचे, एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट. म्हणजे रोज दुकानोदुकानी फिरायचं, प्रत्येकाकडून थोडी थोडी रक्कम घ्यायची, पावती द्यायची आणि संध्याकाळी सगळी रक्कम पतसंस्थेत भरायची. आम्ही दोघं दिवसभर मोंढा पालथा घालायचो. मे महिन्यात माझं रेक्झिन तापायचं, तेव्हा धर्मराज आपला रुमाल माझ्यावर टाकायचे. स्वतःचं डोकं उघडंच! असा माणूस.

एकदा ऐन गर्दीत माझा पट्टा तुटला. चौकात चपला शिवणाऱ्या काकांकडचा काळा दोरा नेमका संपलेला. त्यांनी लाल दोऱ्याने ठसठशीत टाके घातले. मला तर रडूच आलं. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानदार लांबूनच ओरडायला लागले, "आली बघा लाल दोऱ्याची बॅग, पैसे काढून ठेवा!" मग काय, मी तो दोरा मिरवायलाच लागले.

पुढे धर्मराज यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. पतसंस्थेने एका तरण्या मुलाच्या हातात पावत्या छापायचं मशीन दिलं. धर्मराज बदनापुरातच एका खताच्या दुकानात बसू लागले आणि मी दाराआडच्या खुंटीवर लटकले. कुणी पुसेना, कुणी हात लावेना. एका झुरळाने माझ्या मागच्या कप्प्यात संसार थाटला. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

अशात यंदाचा उन्हाळा आला. धर्मराज यांची लेक यशश्री जालन्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात सर म्हणाले की फायनान्सची इंटर्नशिप, म्हणजे सुट्टीत एखाद्या ऑफिसात बसून पैशाअडक्याचं काम शिकणं, पहिल्या वर्षाच्या पोरांना कुणी देत नसतं. झालं! ही बया उभी राहिली आणि म्हणाली, "मी मिळवून दाखवते सर. अन् कुणाच्या ओळखीबिगर." अख्खा वर्ग खो खो हसला. आता भर वर्गात बोलून बसल्यावर मागे कशी फिरणार?

घरी धर्मराज म्हणाले, "मी मोंढ्यात एक फोन टाकतो ना बेटा. तिथं आपली..."

"बिलकुल न्हाई बाबा. तुमची ओळख नको. लोक म्हणतील, बापामुळं मिळालं."

धर्मराज उठले, माझ्याजवळ आले, माझ्यावरची धूळ बोटाने पुसली आणि परत जाऊन बसले. त्यांचं मन दुखावलं होतं. मला ते कळलं, पोरीला नाही कळलं.

यशश्रीने मोबाईलवरून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना अर्ज धाडले. एकाचंही उत्तर नाही. "बघतेच आता," म्हणत ती स्वतःच फिरायला निघाली. नेमकी त्याच सकाळी तिच्या कॉलेजच्या सॅकची चेन गेली. नाइलाजाने तिने मला खुंटीवरून काढलं, उलटी करून झटकलं आणि झुरळाला हाकललं. "शी, हा लाल दोरा कसला!" असं म्हणून पट्ट्यावर ओढणी टाकली. मला राग आला, पण बाहेरची हवा लागली म्हणून मी गप्प बसले.

मग सुरू झाली आमची वणवण. बियाण्यांच्या कंपनीत गेटवरूनच वाटेला लावलं. बँकेत म्हणाले, वरून ऑर्डर नाही. एका कारखान्याच्या ऑफिसात बाबूने आमच्याकडे न बघताच सांगितलं, "क्रेडिट कार्ड नको." उन्हाने जीव अर्धा झाला, तेव्हा आम्ही एका नव्या रसवंतीत शिरलो. रसवंतीवाली बेबीनंदा फायली आणि बॅग बघून वैतागली. "वर्गणी मागच्या हप्त्यातच दिली बाई, पुढं व्हा!"

यशश्रीला हसू फुटलं. "वर्गणी न्हाई मावशी, रस पाहिजे. बरफ कमी." अशी पोरगी! दिवसभर नकार ऐकून हसणारी. तिथेच माझा राग गेला.

रसवंतीच्या वरच्या मजल्यावर अरुंधती मॅडमचं ऑफिस होतं. त्या व्यापाऱ्यांचे हिशेब तपासतात, टॅक्स भरतात. रस संपवून यशश्री थेट वर चढली.

"पहिलं वर्ष?" मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या. "दोन वर्षांनी ये बाळा."

"दोन वर्षांनी सगळेच येतील मॅडम. मी आत्ता आले, मला आत्ता शिकायचंय."

मॅडम काही बोलणार, इतक्यात त्यांच्याकडे काम शिकणारा अवधूत घामाघूम होऊन आत आला. "मॅडम, भागवतशेठ बिलं देत नाहीत. म्हणतात, अनोळखी माणसाच्या हाती कागद देणार नाही." मॅडमनी कपाळाला हात लावला. टॅक्स भरायची मुदत अगदी तोंडावर आली होती.

"मी आणते," यशश्री म्हणाली. "आणली तर मला कामावर घ्या."

मॅडमनी तिला खालपासून वर न्याहाळलं. "अवधूत सोबत येईल. आण, मग बोलू."

भागवतशेठ डाळीचे व्यापारी. आम्हाला बघून म्हणाले, "एकटा आला तर परत पाठवला, आता दुसरीला घेऊन आला का?" यशश्रीने ओढणीने घाम पुसला. ओढणी सरकली आणि माझा पट्टा उघडा पडला. शेठ एकदम पुढे वाकले.

"हा लाल दोरा... ही तर धर्मराजची बॅग! तू कोण लागते त्याची?"

 वर्गात दिलेला शब्द यशश्रीला आठवत असणार. तिची मूठ पट्ट्यावर आवळली गेली, ती मला जाणवली. मी मनात म्हणत होते, बोल पोरी, लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात? शेवटी ती ताठ उभी राहिली. "लेक आहे मी त्यांची."

"मंग आधी सांगायचं की! अगं, माझ्या पोराच्या लग्नात तुझ्या बापानं अक्षता टाकल्या अन् मांडवातच पिग्मी मागितली! असा पक्का माणूस. एक पावती चुकली न्हाई त्याची." शेठनी गल्ल्याखालून बिलांची फुगलेली पिशवी काढली.

यशश्री तिथेच जमिनीवर बसली, तारखेवार बिलं लावली. "शेठ, यात गाडीभाड्याची न्हाईत," म्हणून तीही मागून घेतली. वर कागदावर पोच लिहून दिली. शेठ खदखदून हसले. "बराबर बापावर गेली!"

बिलं बघून मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून ये."

घरी धर्मराज उंबऱ्यात वाट बघत होते. यशश्रीने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "काम झालं बाबा. तुमच्या ओळखीनं."

"मी तर कुणालाच फोन केला न्हाई!"

"हिनं ओळख सांगितली." तिने माझ्या लाल टाक्यांवर बोट ठेवलं. "मी चुकले बाबा. ओळख म्हणजे वशिला, असं समजत होते. तुम्ही तर ती चालून चालून कमावली." धर्मराज उगीचच खोकले आणि म्हणाले, "जेवून घे आधी."

मग सगळी सुट्टी मी आणि यशश्री मोंढा तुडवत होतो. तिने मला परत कधी ओढणीखाली झाकलं नाही.

सुट्टी संपता संपता माझी चेन अडकू लागली, म्हणून धर्मराज मला दुरुस्तीला जालन्याला घेऊन आले. रसवंतीसमोरून जाताना मागून हाक आली, "ओ काका, थांबा!" बेबीनंदा हात पुसत धावत आली. तिची रसवंती नवी, ती धर्मराज यांना ओळखत नव्हती. "ही बॅग तुमच्याकडं कशी? ही तर आमच्या यशश्रीताईची हाये!"

मला वाटलं, आता ते सांगतील की बॅग माझी, सगळा मोंढा साक्षीला आहे. पण त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तिचीच हाये बाई. मी फक्त चेन दुरुस्तीला आणली." मग त्यांनी मोठा ग्लास रस मागवला, आणि मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराआड असं काहीतरी लटकत असेल. ते झाकू नका. कोरड्या फडक्याने पुसा, चेनवर मेणबत्ती चोळा, उसवलं तर सापडेल त्या रंगाच्या दोऱ्याने शिवा. आणि भंगारात घालण्याआधी घरात एकदा विचारा, हे कुणाच्या खांद्यावर होतं.