सी आणि डीची वाटणी

देशानं दारं उघडली तेव्हा बेगम बाजारातल्या हिम्मतरावांनी मिरचीच्या दुकानावर एक मजला चढवला आणि तिथं सॉफ्टवेअर कंपनी काढली. खाली मिरची, वर संगणक. त्यामुळे माणसं डोळे पुसत काम करायची आणि भेटीला आलेल्या गिऱ्हाइकाला ती फार मन लावून काम करतात असं वाटायचं.

आज प्रणिताचे डोळे लाल होते, पण मिरचीनं नव्हे. अमेरिकेतल्या औषध दुकानांसाठी दोन वर्षं खपून तिनं लिहिलेला प्रोग्राम, त्यातला प्रत्येक बदल, प्रत्येक जुनी आवृत्ती एकाच संगणकात होती. त्याची नक्कल दुसऱ्या इमारतीतल्या दुसऱ्या संगणकावर ठेवा, असं ती वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. ‘ठेवली की वेगळी,’ असं मालक दर वेळी सांगत. आज सकाळी डिस्क जळाली. दुरुस्तीवाल्यानं ती हातात घेतली, हुंगली आणि परत केली.

“घाबरू नका, बाई,” हिम्मतराव म्हणाले. “असल सीमधी, नक्कल डीमधी. कधीचे वेगळे निघालेत दोघं.”

“साहेब, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग आहेत.”

“मग वाटणीच झाली की. आमच्या गौलीगुड्याच्या घरात मधी भिंत घातली. इकडं मी, तिकडं धाकटा केशव.”

“छप्पर?”

“छप्पर एकच.”

“ते कोसळलं तर केशवराव वाचतील?”

हिम्मतरावांचा चेहरा क्षणभर उजळला. मग कुठं मुद्दा ध्यानात आला.

“जाऊ द्या,” ते म्हणाले. “लिहिलं तुम्हीच ना? तुमच्या डोक्यात असेलच. सोमवारपर्यंत परत उतरवून काढा. चहा दोनदा पाठवतो.”

प्रणिताच्या मस्तकात तिडीक गेली. दोन वर्षांची किंमत एक जादा चहा. वर्षभर जे डोकं बडबड्या बाईचं होतं, ते आज एकदम कंपनीचं गोदाम झालं होतं. ती उठली. डबा पिशवीत टाकला, ओढणी नाकावर घेतली.

“म्हणजे आता एकच प्रत उरली. माझ्या डोक्यातली.”

“हौ. तेच तर म्हणतो मी.”

“मग ती या इमारतीत ठेवणं बरं नव्हे. नामपल्लीत एक कंपनी बोलावतेय मला. इमारत वेगळी, छप्पर वेगळं.”

“अन् आमचं काय?”

ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबली.

“तुमच्याकडं डी आहे की, साहेब.”