मी दाखवलेले सोळा

मी बोलतेय, सुखदेवरावांची सरकपट्टी. म्हणजे स्लाइड रूल. नाही ओळखलंत? साहजिक आहे. एका पट्टीत दुसरी सरकवायची, काचेवरची रेघ आकड्यावर आणायची, की गुणाकार तयार. कॅल्क्युलेटर आल्यापासून मला कोण विचारतो!

इंजिनिअरिंगला असताना सुखदेवरावांनी मला बुधवार पेठेत घेतलं. पुढे ते मोटारींच्या कारखान्यात लागले. त्यांच्या वस्तीतून डिझाइनच्या खोलीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच.

चौऱ्याण्णव साली कारखान्याने छोटी गाडी काढायची ठरवली. उभी गाडी दहा सेकंदांत ताशी बहात्तर किलोमीटरला न्यायची, तर इंजिन किती ताकदीचं हवं? संगणक अजून खोक्यांतच होते. सुखदेवरावांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून जुन्या सवयीने मला हातात घेतलं. निम्मं वजन, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले सेकंद. मी सोळा दाखवले. सोळा किलोवॅट, वारा आणि घर्षणाचं त्यांनी वर वेगळं धरलं.

चाचणीला पाच जण सामानासकट बसले आणि गाडी वेगच घेईना. मागचा टेम्पोसुद्धा पुढे निघून गेला.

वजन त्यांनी आठशे किलो धरलं होतं, रिकाम्या गाडीचं. माणसांचे आणि सामानाचे चारशे राहूनच गेले. जन्मभर एकटे सायकलवर हिंडलेले; लोक गाडीत अख्खं घर कोंबतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. सोळाच्या जागी चोवीस हवे होते.

बैठकीत मोठे साहेब म्हणाले, “जुन्या पट्टीवर मोजलं की असंच होणार!”

सगळे हसले. सुखदेवराव गप्प राहिले. त्यांची एक चूक सगळ्या वस्तीच्या नावावर टाकायला लोक टपलेलेच होते, हे मला कळत होतं. तरी फार वाईट वाटलं. महिनाभरात टेबलांवर संगणक आले आणि मी त्यांच्या घरच्या कपाटात गेले.

चौदा वर्षं तिथेच आहे, वारज्याच्या फ्लॅटमध्ये, जुन्या चष्म्यांच्या शेजारी. बोलायला कोणी नाही.

परवा आमोद भेटायला आला. तेव्हा त्या बैठकीत नवखा होता, आता कारखान्यात मोठा साहेब आहे. सुखदेवरावांनी मला बाहेर काढलं.

“आमोद, ही चुकली नव्हती. वजन मी रिकाम्या गाडीचं धरलं होतं.”

“सर, ते मला तेव्हाच दिसलं होतं. तुमचा कागद माझ्यापुढेच होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमचं नाव गेलं असतं, सर. पट्टीचं काय, तिला कुठे नोकरी होती?”

दोघेही हसले. चहा झाला. सुखदेवरावांनी मला रुमालाने पुसलं आणि परत कपाटात ठेवलं.

तुम्हाला कधी कोणी म्हणालं, की त्या पट्टीने गाडी बिघडवली, तर एवढं सांगाल का? मला आठशेच दिले होते हो.