बुडणं लांबवणं

पोहायला शिकायचं ठरवलं होतं ते ताईंसाठी. त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला आणि सोबत म्हणून भावजयीनेही टँकवर नाव घातलं. ताई बासष्टच्या, भावजय अठ्ठेचाळीसची. "घाबरायचं नाही, मी आहे ना धरायला," असं तिनेच नणंदेला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

सात आठवडे झाले. ताई आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशा जात होत्या, जणू बागेत फेरफटका मारताहेत. आणि भावजय अजून कठड्याला धरून पाय आपटत होती.

तिला अगदीच काही येत नव्हतं असं नाही. मान वर काढून, हातपाय झोडत ती चार-पाच मीटर जायची. पण कोच मुलगी मान हलवायची. "काकू, याला पोहणं नाही म्हणत. याला बुडणं लांबवणं म्हणतात. तोंड पाण्यात घाला, श्वास सोडा, मान वळवून श्वास घ्या. सोपं आहे."

ते 'सोपं आहे' तिच्या डोक्यात जायचं. तोंड पाण्यात घातलं की दोन हात मारेपर्यंत छाती फुटायला यायची, मान वळवली की नाकातोंडात पाणी. मग खोकत उभं राहायचं. पलीकडून ताई म्हणायच्या, "अंग सैल सोड गं. मी बघ कशी नुसती पडून राहते."

"तुम्ही पडून राहा, ताई. माझ्याकडे बघू नका."

घरीसुद्धा हाच विषय. ताई जेवताना भावाला सांगायच्या, हिचं पाय मारणं आता बरंच सुधारलंय हं. ते कौतुक तिला टोमण्याहून जास्त लागायचं.

ती वीस वर्षं गाडी शिकवत होती. शांत स्वभावासाठी तिचं नाव होतं. घाबरट माणसं मुद्दाम तिच्याकडे यायची. त्या आठवड्यात एक शिंपी शिकायला आले होते. चौकात त्यांनी चौथ्यांदा गाडी बंद पाडली. मागे हॉर्नचा गदारोळ.

"अहो, किती वेळा सांगायचं?" ती खेकसली. "क्लच हळू सोडा. सोपं आहे."

शिंप्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "तुम्ही हळू म्हणता हो. पण हळू म्हणजे किती, ते माझ्या पायाला कुठे माहीत आहे?"

तिला एकदम कानकोंडं झालं. माफी मागून तिने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पुढचा अर्धा तास फक्त क्लच कुठे धरतो तेवढंच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरण्याआधी तिने कोचला गाठलं. "श्वास सोडा म्हणजे कधी? किती? सोडून संपला हे कळायचं कसं?"

मुलगी गोंधळली. "मी पाच वर्षांची असताना शिकले, काकू. कसं करते ते कधी बघितलंच नाही." मग ती स्वतः पाण्यात उतरली, दोन-तीनदा तोंड बुडवून वर आली आणि म्हणाली, "तुम्ही करून दाखवा." बघितल्यावर तिला हसू आलं. "अहो, तुम्ही आत श्वास धरूनच ठेवता. वर येऊन सोडता, मग घ्यायला वेळ कुठला उरणार? तोंड आत गेलं की गुणगुणायला लागा. आवाज संपत आला की मान वळवा."

एवढंच होतं तर सात आठवडे का नाही सांगितलं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती गुणगुणत निघाली. दोन हात, चार हात. मान वळवली तर चक्क हवा आली. टँकची रुंदी बारा मीटर. दहाव्याला लय चुकली, नाकात पाणी गेलं आणि ती खोकत उभी राहिली.

ताई कठड्यापाशीच होत्या. "आलीस की."

"कुठे आले? दोन मीटर राहिले ना." ती डोळे पुसत फणकारली. नाक झोंबत होतं, राग मुळीच गेला नव्हता.

"मग आता चहा घेऊ या का?"

"तुम्ही घ्या," असं म्हणून ती पाण्यातून चालत पहिल्या भिंतीकडे परत निघाली.