दहा बटणं, एक गोष्ट

टण्. दुपारची सामसूम मोडत माझ्या पोटात एक बटण पडलं आणि बबडीचे डोळे लकाकले.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. भट्टीच्या आगीत जन्मले, बारा वर्षं साखर सांभाळली, झाकण फुटलं तशी माळ्यावर गेले. एके दिवशी बबडीच्या आईने मला धुऊन-पुसून टेबलावर मांडलं. ती शिक्षिका होण्याची परीक्षा देत होती. पुस्तकात तिने वाचलं होतं, चांगल्या वागण्याला लगेच बक्षीस द्या, वाईटाकडे लक्षच देऊ नका. सवय आपोआप लागते. म्हणून बबडीने धाकट्या भावाला शांत केलं की माझ्यात एक बटण. दहा बटणं झाली की आईच्या मांडीवर बसून एक गोष्ट.

"अगं, पोर आहे ती, सर्कशीतलं अस्वल नव्हे," आत्या म्हणाली.

"बघा तर वन्सं, आठवड्यात फरक पडतो की नाही."

फरक पडला. मी तोऱ्यात मिरवू लागले. फक्त पाळण्यावरचा तो खुळखुळा माझ्या डोळ्यांत सलायचा. त्याला काही कमवावं लागत नसे. बाळ नुसतं कुरकुरलं तरी आई धावायची, खुळखुळा वाजवायची, बाळाला मांडीवर घ्यायची. माझा जळफळाट व्हायचा. बबडीचाही व्हायचा, माझ्या काचेला नाक लावून ती तिकडेच बघत बसायची.

मग बटणं भराभर पडू लागली. आई खूश. मला मात्र सगळं दिसत होतं. आई स्वयंपाकघरात गेली की बबडी बाळाला चिमटा काढायची. ते रडलं की थोपटायची, "गप रे माझ्या सोन्या," आणि हाक मारायची, "आई, मी शांत केलं." मला कळत होतं, पण पोट भरत होतं. मी गप्प बसले.

आज दहावं बटण पडलं. बाळाचं अंगडं बदलताना आईला दंडावर निळसर डाग दिसले.

"बबडे, हे काय गं?"

बबडीने मान खाली घातली. "ते रडलंच नाही तर मला बटण कसं मिळणार?"

आई रागावली नाही. बाळाला मांडीवर घेऊन खाली बसली.

मित्रांनो, मला साखरेने भरा, डाळीने भरा, नाहीतर रिकामी ठेवा. पण लेकराची हक्काची मांडी माझ्यात कोंडू नका.

बबडी आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. मांडीवरच्या भावाकडे तिने पाहिलं.

"आई, बाळ तुला किती बटणं देतं गं?"